गॅस्ट्रो बरा झाला, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी पोट ठिकाणावर नाही. आयबीएसमध्ये मास्ट सेल आणि जंतूंचा संबंध काय?

मुरडशेंग

नमस्कार मंडळी, विषय पोटाचा आहे, जेवता जेवता वाचू नका.

मागच्या पावसाळ्यात एका लग्नात जेवलो आणि घरातले सगळे आडवे झालो, उलट्या, जुलाब, ताप, सगळं साग्रसंगीत. नवरा आणि मुलं आठवड्याभरात उठून कामाला लागली, माझ्यामागे मात्र तेव्हापासून जे लागलंय ते सुटतच नाहीये. जेवण झालं की थोड्या वेळात खाली डाव्या बाजूला कळ येते, मुरडा येतो, धावत जावं लागतं, जाऊन आलं की बरं वाटतं, परत तासाभरात तेच. मध्येच दोन दिवस काहीच नाही, मग पोट नगाऱ्यासारखं. पोळी, दूध आणि कांदा यांनी जास्त होतं असा माझा अंदाज. ऑफिसला निघायच्या आधी तर हमखास.

कोलोनोस्कोपी क्लीन, सोनोग्राफी क्लीन, रक्त ठीक, ॲलर्जीची स्किन टेस्ट केली त्यात गहू-दूध दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात तू फार विचार करतेस. आता मला विचार करायला हाच एक विषय उरलाय ही गोष्ट वेगळी.

हल्ली वाचते तिथे मास्ट सेल, हिस्टामिन, गट बॅक्टेरिया असं काय काय येतंय. तर माझा प्रश्न असा की यात खरंच काही तथ्य आहे का, म्हणजे आतड्यात खरोखर काही बिघडलेलं असतं आणि ते रिपोर्टमध्ये दिसत नाही असं होऊ शकतं का, की ही सगळी प्रोबायोटिक विकणाऱ्यांची भाषा आहे? आणि मोबाईलवर सारखी जाहिरात येते, संडासचं सॅम्पल पाठवा, तुमच्या जंतूंचा नकाशा देतो, किंमत बघून घाम फुटला. करावं का?

---

पेट्रीडिश

ताई, मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीवाला आहे, त्यामुळे औषधाचं विचारू नका, पण "आत काहीतरी बिघडतं आणि रिपोर्टमध्ये दिसत नाही" याचं उत्तर सरळ हो असं आहे.

तुम्ही जे लिहिलंय ना, आधी गॅस्ट्रो, मग अमुक पदार्थाने त्रास, आणि स्किन टेस्ट निगेटिव्ह, नेमक्या याच कोड्यावर बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या गटाने काम केलंय, २०२१ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आलं. त्यांनी उंदरांना आतड्याचं इन्फेक्शन दिलं आणि त्याच काळात अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रोटीन खायला घातलं. इन्फेक्शन गेलं, उंदीर बरे झाले. काही आठवड्यांनी परत तेच प्रोटीन दिलं तर आतड्याच्या नसा एकदम हुळहुळ्या झाल्या, साध्या ताणाला दुखायला लागलं. ज्यांना इन्फेक्शन झालं नव्हतं त्यांना तेच प्रोटीन खाऊन काही झालं नाही. म्हणजे काय, तर एरवी आपलं शरीर अन्नाला "हे आपलंच, जाऊ दे" म्हणून सोडून देतं, पण लढाई चालू असताना जे अन्न तिथे हजर होतं त्यालाही शत्रूच्या यादीत टाकलं गेलं.

आता मजा पुढे आहे. त्या प्रोटीनविरुद्धच्या आयजीई अँटिबॉडी, ॲलर्जीत असतात त्याच, फक्त आतड्याच्या त्या भागात सापडल्या, रक्तात नाहीत. म्हणून रक्ताची आणि कातडीची टेस्ट निगेटिव्ह येते. या अँटिबॉडी मास्ट सेल नावाच्या इम्यून पेशींवर जाऊन बसतात, मास्ट सेलमध्ये हिस्टामिन आणि इतर रसायनांचे कण ठासून भरलेले असतात, पदार्थ आला की ते फुटतात आणि हिस्टामिन शेजारच्या नसांना चेतवतं. अंगावर पित्त नाही, घसा सुजत नाही, फक्त पोटात कळ.

माणसांवर पण करून बघितलं. आयबीएसच्या १२ पेशंटना दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात, अस्तरात, गहू, ग्लूटेन, सोया आणि दूध यांची बारीक इंजेक्शनं दिली. बाराच्या बारा जणांना कशाना कशाला तरी तिथल्या तिथे सूज आली. ८ निरोगी लोकांपैकी फक्त २ जणांना आली.

कोलोनोस्कोपीत का दिसत नाही ते पण लिहितो. त्यात डॉक्टर जखमा, सूज, गाठी बघतात. मास्ट सेल मोजायच्या तर बायोप्सी घेऊन खास रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, आणि नुसती संख्या मोजून उपयोग नाही. इटलीत बोलोन्याच्या गटाने २००४ साली दाखवलं होतं की नसेपासून ५ मायक्रॉनच्या आत किती चेतलेल्या मास्ट सेल आहेत त्यावर पोटदुखी किती आणि किती वेळा हे अवलंबून दिसतं. ५ मायक्रॉन म्हणजे आपल्या लाल रक्तपेशीच्या रुंदीपेक्षा कमी. एवढं रोजच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कोण बघणार.

जंतूंचं नंतर लिहितो, आता लॅबमध्ये प्लेट्स वाट बघतायत.

---

शंकासुर

पेट्रीडिश, छान लिहिलंय पण थोडा ब्रेक लावतो. १२ पेशंट. बारा. एवढ्यावर "हेच कारण" म्हणायचं का? मास्ट सेल वाढलेल्या सापडल्या असं सांगणारे पेपर आहेत तसे सापडल्या नाहीत असं सांगणारे पण आहेत. आणि आयबीएस हा एक आजार आहे का हाच मूळ प्रश्न, जुलाबवाला, बद्धकोष्ठवाला, दोन्ही आलटून पालटून, सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय.

शिवाय हिस्टामिनच कारण असेल तर हिस्टामिन अडवणारी गोळी दिली की बरं व्हायला पाहिजे. एबास्टिन, आपल्याकडे सर्दी-ॲलर्जीला देतात तीच, ती देऊन बघितली ल्यूव्हेनवाल्यांनी. २०१६ ला छोट्या ट्रायलमध्ये चांगला रिझल्ट आला, सगळे खूष. मग मोठी ट्रायल केली, २०२ पेशंट, बद्धकोष्ठ नसलेले. पोटदुखी आणि एकूण त्रास दोन्हींत ठरल्याएवढा फरक पडलेले लोक किती, तर एबास्टिनवाले १२ टक्के आणि नुसती साखरेची गोळी खाल्लेले ४ टक्के. म्हणजे फरक आहे, नाकारत नाही, पण शंभरातल्या ८८ लोकांना त्या मोजमापाने काही मिळालं नाही. कोणी हे वाचून मेडिकलमधून पाकीट आणून सुरू करू नका म्हणजे झालं.

---

पेट्रीडिश

@शंकासुर, पटलं, आणि तुझा मुद्दा माझ्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. सगळ्यांचं कारण एक नाही. काहींचं मास्ट सेल असेल, काहींचं पित्ताम्ल नीट शोषलं जात नाही म्हणून जुलाब, काहींचं जंतू, बऱ्याच जणांचं मिसळ. बारा टक्के म्हणजे बहुतेक चुकीच्या लोकांना पण तीच गोळी दिली गेली, कोणाला द्यायची ते ओळखायची टेस्टच नाहीये अजून. खरी अडचण तिथे आहे.

जंतूंचं राहिलं होतं. कॅनडात मॅकमास्टर आणि क्वीन्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२२ साली एक भारी गोष्ट दाखवली. आयबीएसच्या काही पेशंटच्या लघवीत हिस्टामिन जास्त होतं. त्यांचे आतड्यातले जंतू घेऊन जंतूच नसलेल्या, म्हणजे निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले, तर उंदरांची आतडी दुखरी झाली. मग शोधत शोधत गेले तर मुख्य आरोपी निघाला क्लेबसिएला एरोजेनिस. हा पठ्ठ्या अन्नातल्या हिस्टिडीन नावाच्या अमिनो ॲसिडपासून स्वतःच हिस्टामिन बनवतो, आणि ते हिस्टामिन मास्ट सेलना त्या जागी बोलावून घेतं. म्हणजे बघा, ॲलर्जी नसली तरी हिस्टामिन बाहेरून, जंतूंकडून येऊ शकतं. आणि त्या उंदरांना आंबणारे कार्बोहायड्रेट कमी असलेलं खाणं दिलं की दुखणं कमी झालं. कांदा-गहू बंद केल्यावर काहींना बरं का वाटतं त्याचा एक धागा इथे लागतो, नुसता गॅस कमी होतो एवढंच नसावं.

पण हेही सगळ्यांत नाही हां, काही पेशंटमध्येच.

---

ओंटारिओकर

कॅनडाचं नाव आलं म्हणून लिहितो, एरवी वाचनमात्र असतो. आमच्या ओंटारिओत वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे, वस्ती पाच हजाराच्या आत-बाहेर. इथे पाणी खात्यात काम करणाऱ्या कोणालाही हे नाव घ्या, चेहरा बदलतो. २००० सालच्या मे महिन्यात धो धो पाऊस झाला, शेतातलं गुरांचं शेण वाहून गावाच्या विहिरीत गेलं, क्लोरीन पुरेसं टाकलेलं नव्हतं आणि वर नोंदी खोट्या लिहिलेल्या. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर नळातून घरोघर. २,३०० च्या वर लोक आजारी, ७ माणसं गेली.

त्या गावातल्या लोकांचा पुढे कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, मॅकमास्टरच्याच लोकांनी. दोन-तीन वर्षांनी बघितलं तर ज्यांना तेव्हा जोरदार गॅस्ट्रो झाला होता त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांना आयबीएसची लक्षणं होती, आणि ज्यांना झाला नव्हता त्यांच्यात १० टक्के. आठ वर्षांनी बघितलं तर गॅस्ट्रो झालेल्या सगळ्यांत मिळून १५ टक्के आणि न झालेल्यांत ५ टक्के. मुरडशेंग ताई, यात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, अख्ख्या गावाने एकदम "फार विचार" केला असं काही झालेलं नाही. दोन, बऱ्याच लोकांचं हळूहळू कमी पण झालं.

आपल्याकडे तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गॅस्ट्रोची साथ असतेच, पाइपलाइन फुटली, टँकरचं पाणी, जत्रा. पेपरात बातमी येते इतके दाखल इतके घरी गेले, आणि संपलं. घरी गेलेल्यांचं सहा महिन्यांनी काय झालं हे विचारायला कोणी जात नाही.

---

तालुक्याचा_डॉक्टर

चर्चा चांगली चाललीय, पण मी माझं रटाळ काम करतो. आयबीएस म्हणायच्या आधी काही गोष्टी बघायच्याच असतात. संडासवाटे रक्त, वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं एक जरी असेल तरी इंटरनेट बंद करून डॉक्टरकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, वाढतोय, आणि गॅस्ट्रोनंतर जिआर्डिया नावाचा परजीवी मुक्काम ठोकून बसलेला मी कितीतरी जणांत बघतो, तो साध्या औषधाने जातो. ताईंनी संडासची तपासणी आणि कॅलप्रोटेक्टिन (आतड्यात सूज आहे का ते सांगणारी संडासचीच टेस्ट) केलं का ते लिहिलं नाहीये, ते विचारा. कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल आलं की कोलायटिसची शक्यता बरीच कमी होते. सिलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी पण, आणि ती गहू खात असतानाच करायची, आधीच पोळी बंद करून गेलात तर खोटी निगेटिव्ह येईल. हे लोक हमखास करतात.

हे सगळं ठीक असेल आणि पोटदुखी आठवड्यातून निदान एक दिवस, संडासशी जोडलेली, महिनोन्महिने, तर मग आयबीएसच. त्यातून कॅन्सर होत नाही, हे मुद्दाम लिहितो कारण पेशंटच्या डोळ्यात तोच प्रश्न असतो, तोंडाने विचारत नाहीत.

औषधांचं थोडक्यात. रिफॅक्सिमिन नावाचं अँटिबायोटिक आतड्यातच राहतं, रक्तात फारसं जात नाही, बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसमध्ये त्याच्या मोठ्या ट्रायल २०११ साली आल्या, साधारण ४१ टक्के लोकांना आराम आणि प्लासिबोवर, म्हणजे नुसत्या खोट्या गोळीवर, ३२ टक्के. परत जंतूंकडेच बोट जातं बघा, पण सगळ्यांना लागू नाही. अमिट्रिप्टिलिन अगदी कमी डोसमध्ये, म्हणजे डिप्रेशनला देतात त्याच्या कितीतरी खाली, नसांचा हुळहुळेपणा कमी करायला, २०२३ साली इंग्लंडात ४६३ पेशंटवर चांगली ट्रायल झाली, फॅमिली डॉक्टरकडच्याच पेशंटवर. पण चिठ्ठीवर ते नाव बघून पेशंटचा मुलगा गूगल करतो आणि "आईला वेड्याची गोळी दिली" म्हणून भांडायला येतो. इसबगोल साधं आणि स्वस्त, पण भरपूर पाण्याबरोबर आणि थोड्यापासून सुरू. आणि ताई, "टेन्शन घेऊ नका" हे आम्ही लोक फार चटकन बोलतो, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात.

ते संडासच्या नकाशाचं किट करू नका. रिपोर्ट रंगीत येतो, पण तो बघून मी किंवा कोणीही तुमचं औषध बदलू शकत नाही. निरोगी माणसाचे जंतू नेमके कसे असतात हेच ठरलेलं नाही, त्यात आपल्या भाकरी-डाळ-भात खाणाऱ्या पोटात प्रेव्होटेला जातीचे जंतू जास्त, परदेशी आकड्यांशी तुलना करून तुम्हाला लाल खूण मिळेल. आयजीजी फूड टेस्टचं पण तेच, तुम्ही जे रोज खाता ते सगळं पॉझिटिव्ह येतं.

---

मुरडशेंग

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. कॅलप्रोटेक्टिन केलेलं नाही, सिलियाक केलंय पण तेव्हा पोळी बंदच होती माझी! परत करते. ओंटारिओकर, तुमची पोस्ट नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांना वाचून दाखवली, सासूबाई म्हणाल्या "शेण विहिरीत जातं म्हणजे काय" आणि विषय तिकडेच गेला.

पण एक आहे, मला टेन्शनने वाढतं हे खरंच आहे. अप्रेझलच्या आठवड्यात तर विचारूच नका. मग शेवटी ते मनाचंच झालं ना?

---

पेट्रीडिश

नाही ताई, आणि यावर तर खूप सुंदर प्रयोग आहे. परत तेच ल्यूव्हेन, २०१४. निरोगी तरुण लोकांना परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं, पोटात गोळा येईल असं. ज्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, खरोखर वाढलं त्यांच्या लहान आतड्याचं अस्तर त्या दिवशी जास्त झिरपायला लागलं, म्हणजे एरवी आत न जाणारी एक साखर लघवीत जास्त उतरली. मग त्यांना आधी क्रोमोग्लायकेट दिलं, मास्ट सेलना फुटू न देणारं औषध, आणि परत भाषण. तर झिरपणं वाढलंच नाही. भाषण तेच, भीती तीच, मधली मास्ट सेल तेवढी गप्प केली.

म्हणजे टेन्शन आणि इम्यून सेल ही दोन वेगळी कारणं नाहीतच, मेंदूतून निघालेला संदेश त्याच पेशीवर येऊन पोचतो जिच्यावर पोळी आणि जंतू पोचतात. तुमच्या आतड्यात ती आधीच चेतलेली असेल तर अप्रेझल हा तिसरा धक्का.

---

शंकासुर

हे मात्र आवडलं. प्रोबायोटिकचं कोणी बोललं नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळे पुरावे बघून सांगितलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक घ्यायचं तर ट्रायलमध्येच घ्या, एरवी शिफारस नाही. दुसऱ्याची विष्ठा कॅप्सूलमधून किंवा नळीने देण्याचं पण तसंच, नॉर्वेत जोरदार रिझल्ट आला आणि डेन्मार्कमध्ये खोट्या कॅप्सूलवाले जास्त बरे झाले. कोणाचे जंतू घेता यावर बहुतेक सगळं अवलंबून आहे. दही-ताक सोसत असेल तर खुशाल घ्या, बिल कमी येतं.

---

भाकरतुकडा

शेवटी स्वयंपाकघरात कोणीच आलं नाही, मी येते. माझं शिक्षण आहाराचं आहे आणि स्वतःला पण आयबीएस आहे.

फॉडमॅप, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आतड्यात आंबणाऱ्या साखरा, कमी करायचं पथ्य मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने बसवलं, पण त्याच्या याद्या बघून आपल्या बायका रडायच्या बाकी राहतात कारण पहिल्याच ओळीत कांदा, लसूण, गहू, राजमा. आपल्याकडे ते वाटतं तेवढं कठीण नाहीये. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत चार महिने कांदा-लसणाशिवाय सगळं रांधलं जातं, त्या भाज्या आठवा. पोळीच्या जागी ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, दोन्ही चालतात. भात चालतो. तुरीच्या वरणाऐवजी मुगाची डाळ, भिजवून पाणी ओतून, आणि वाटीभर नाही, थोडी. दुधाऐवजी ताजं पनीर, घट्ट बांधलेला चक्का, कारण पाण्याबरोबर बरीचशी लॅक्टोज निघून जाते. कलिंगड आणि आंबा जपून, मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, माहितीये.

लसणाची चव सोडवत नसेल तर तेलात अख्ख्या पाकळ्या लाल करा आणि काढून टाका. त्रास देणारी जी साखर आहे, फ्रुक्टन, ती पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही, त्यामुळे वास राहतो आणि त्रास होत नाही. हेच आमटीत पाकळ्या टाकून मग उचलून काढल्या तर उपयोग नाही, तोवर उतरलेली असते. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

आणि हे कायमचं नाही, हे दहादा सांगते. चार ते सहा आठवडे कडक, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, थोडा, मग जास्त, तीन दिवस नीट लिहून. बरीच मंडळी पहिल्या टप्प्यातच अडकून बसतात आणि वर्षभर भात-भाकरीवर राहतात. फार दिवस असं राहिलं की आतड्यातले चांगले बायफिडो जंतू कमी होतात, हे तपासलेलं आहे. आणि ताई, हे आताच सुरू करू नका, आधी डॉक्टर म्हणाले ती सिलियाकची टेस्ट पोळी खात असताना होऊ दे.

---

मुरडशेंग

म्हणजे आता काही आठवडे मुद्दाम पोळी खायची, टेस्ट करायची, आणि मग बंद करायची. बरं. कांदेपोह्यांचं काय करू ते सांगा, रविवारी नवरा करतो, कांदा काढून टाकून खाल्ले तर चालतील का?

---

भाकरतुकडा

काढून नाही चालत, पोह्यांत तोवर उतरलेला असतो. पोहे चांगले आहेत, कांदा घालायच्या आधी तुमचे वेगळे काढा, मोहरी, जिरं, कढीपत्ता, शेंगदाणे, वरून पात आणि लिंबू. हिंग पण घाला, फक्त सिलियाक पॉझिटिव्ह आलं तर डबीवर वाचा, बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं.